गोलावर चढलेली शिरोरेषा

स्क्रीनवर एक गोल आहे आणि त्यावर आपल्याला एक मराठी शब्द चढवायचाय. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द आणि गोल दोन्ही सिलेक्ट करायचे, टेक्स्ट मेन्यूतून पुट ऑन पाथ (पाथ म्हणजे शब्द जिच्यावर बसतो ती रेषा, इथे आपला गोल), झालं, बसला शब्द. इलस्ट्रेटर या तशाच सॉफ्टवेअरमध्ये तर टाइप ऑन अ पाथ नावाचं वेगळं टूलच आहे.

आता झूम करा. शिरोरेषा बघा, तुटलीये. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपापला तुकडा आणि मधे फटी, मला तर हे बघवतच नाही.

होतं काय, सॉफ्टवेअर अक्षर वाकवत नाही. ते पाथची लांबी मोजतं, त्या लांबीवर एकेक अक्षर मांडत जातं आणि पाथ तिथे जितका कललाय तितकं अख्खं अक्षर फिरवतं, अक्षर स्वतः ताठच. इंग्रजीत हे खपून जातं कारण छापील अक्षरं मुळातच सुटी, आपली मात्र एका रेषेला लटकलेली.

हिशोबच करू. गोलाची त्रिज्या १००, शिरोरेषा बेसलाइनच्या, म्हणजे अक्षरांचे पाय टेकतात त्या रेषेच्या (इथे गोलच), २० वर. खालचा घेर साधारण ६२८, वरचा ७५४. अक्षरं तेवढीच रुंद, मग पूर्ण गोल भरला तर ती १२६ ची जास्तीची जागा फटी म्हणूनच दिसणार ना. आणि शब्द गोलाच्या आतून बसवला की बरोबर उलटं, शिरोरेषा एकमेकींवर चढतात. अक्षरांमधलं अंतर कमी करून बघाल तर वरच्या फटी मिटेपर्यंत खाली काने आणि उकार एकमेकांना भिडलेले असतात.

गोलाचं गणित सोपं तरी आहे, पेन टूलने काढलेल्या मोकळ्या वळणाच्या रेषेची, म्हणजे बेझिए वक्राची, लांबी काढायला साधं सूत्रच नाही, ते वक्र लहान तुकड्यांत मोजावे लागतात. हे वक्र आले मोटारींच्या डिझाइनमधून बरं का, सित्रोएन कंपनीत द कास्तेल्जोने १९५९ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि रेनॉमधल्या बेझिएचं नाव त्यांना पडलं.

मग करायचं काय? गोल मोठा घ्या, फाँट लहान, अर्धं दुखणं तिथेच कमी होतं. बेसलाइन शिफ्टने, म्हणजे अक्षरं वर-खाली सरकवणाऱ्या सेटिंगने, शब्द खाली ओढून शिरोरेषाच पाथवर आणली तरी वरच्या फटी मिटतात, पण मग अक्षरांचे पाय जवळ येतात, उकार-ऋकार असलेल्या शब्दात ते लगेच खटकतं. आर्क वार्प, म्हणजे अख्ख्या शब्दाला कमानीसारखं वाकवणारा इफेक्ट, वापरलं तर अक्षरं खरोखर वाकतात, रेषा अखंड राहते, फक्त जोर कमी ठेवा नाहीतर अक्षरं वरून फुगतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो जुना हातचा उपाय. शब्द पाथवर तसाच राहू द्यायचा, शिरोरेषेच्या उंचीवर दुसरा गोल काढायचा, त्याचा शब्दापुरता कंस ठेवायचा आणि स्ट्रोकची, म्हणजे त्या रेषेची, जाडी फाँटच्या शिरोरेषेइतकी करायची. फटी झाकल्या जातात, शब्द बदलता येतो, आणि हो, भ किंवा ध असेल तर तिथे रेषा तोडायला विसरू नका, नाहीतर भ चा म वाचला जाईल. दोन्ही टोकांना रेषा अक्षराबाहेर किंचित जाऊ द्या, हाताने लिहिताना जाते तशी.