न दाबलेलं बटण

नमस्कार. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी काहीतरी घ्यायचं ठरलं की पहिली खरेदी असते गळ्यात अडकवायच्या बटणाची. पडलात की दाबा, मदत येईल. १९७० च्या दशकापासून ही सोय आहे आणि कागदावर ती बिनचूक आहे. पण २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केंब्रिजमधल्या नव्वदीपुढच्या लोकांचा एक अभ्यास आला. घरात एकटे असताना पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांनी हाताशी असलेली ही सोय वापरलीच नाही. कुणाला आपलं आपण उठायचं होतं, तर कुणाला उगाच कुणाला त्रास द्यायचा नव्हता. बटण खुंटीला टांगून ठेवणारेही असतातच!

जमिनीवर तासन्‌तास पडून राहणं हे पडण्याइतकंच घातक. अंगाखाली दबलेले स्नायू झिजू लागतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून वृद्ध माणसाला काहीच करावं लागू नये, असं साधन मला जास्त पटतं. जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये पाणी तापवायची एक किटली आणली. आजींनी चहाला पाणी घेतलं की त्याची नोंद होते आणि ती दूरच्या मुलांना ईमेलने कळते. आजी फक्त चहा करतात. दारावरचे, फ्रिजवरचे सेन्सर आज हेच काम करतात.

खरं तर पडूच नये याची सोय आधी हवी, आणि ती स्वस्तही असते. वयानुसार डोळ्यातली बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. पलंगावरून पाय खाली टेकताच न्हाणीघरापर्यंतचे दिवे मंद उजळावेत, एवढं केलं तरी पुष्कळ झालं. कानांचंही तसंच. उंच पट्टीचे आवाज आधी जातात, आणि धुराचे नेहमीचे अलार्म ३००० हर्ट्झच्या आसपास किंचाळतात. ५२० हर्ट्झचा खर्जातला अलार्म झोपलेल्या वृद्धाला जास्त खात्रीने उठवतो. घेताना हे विचारा. दुकानदार आपणहून सांगणार नाही.

राहिला कॅमेरा. न्हाणीघरात आणि झोपायच्या खोलीत तो नकोच, यावर मी वाद घालणार नाही. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला माणूस हलला एवढंच कळतं, चेहरा दिसत नाही, तेवढं पुरतं.

आणि घरात हालचाल दिसली नाही तर इशारा कधी जावा, आधी कुणाला जावा, हे ज्याचं घर त्याने ठरवायचं. बाबांना दहापर्यंत झोपायची सवय असेल आणि मुलाने परस्पर आठची वेळ लावली, तर रोज सकाळी खोटी धावपळ होणार. आठवडाभरात मुलगाच तो इशारा बंद करून टाकेल.