हॉटेलात खोली मिळत नाही

(दृश्य: सकाळ. एसटी थांबा. कढईत आलूबोंडे सोडणारा हात.)

निवेदन: वर्धा जिल्हा, हिंगणघाट तालुका. एसटी जिथे थांबते तिथेच गावाचं हॉटेल. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, पोह्यांवर लालभडक तर्री. मुक्कामाची सोय नाही, आणि आजवर कुणी विचारलीही नाही. हॉटेल म्हणजे खायची जागा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

नकाशाला ठाऊक नव्हतं. चूक माझीच.

(दृश्य: मोबाइलची स्क्रीन. गावाचा नकाशा, अर्धा रिकामा.)

हा ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेला, कुणीही भर घालावी असा नकाशा. त्यात नुसता ठिपका चालत नाही. प्रत्येक जागेला टॅग लागतो, म्हणजे दोन शब्दांची जोडी. आधी गट, मग त्यातला प्रकार. शब्द ब्रिटिश इंग्रजीतले, कारण नकाशा तिथे जन्मला. टॅग बरोबर असेल तर चिन्ह उमटतं, कुणी शोधलं तर जागा सापडते. चुकला तर जागा असून नसल्यासारखी.

मी पहिल्याच दिवशी थांब्यावरच्या या दुकानाला लावला 'टुरिझम, हॉटेल'. नकाशावर छोटासा पलंग उमटला. मला वाटलं, छान. काही दिवसांनी कुठल्यातरी दूरच्या देशातल्या मॅपरचा, म्हणजे नकाशात भर घालणाऱ्याचा, माझ्या नोंदीखाली नम्र प्रश्न: इथे खोल्या आहेत का?

खोल्या कुठल्या! मागे एक मोरी आहे, तिथे कपबशा धुतात.

पलंग काढला. मग 'रेस्टॉरंट' लावायचं की 'फास्ट फूड', यावर गावचा नकाशा भरणाऱ्या आमच्यातच वाद. नकाशाच्या भाषेत रेस्टॉरंट म्हणजे बसून, वाढून घेऊन जेवायची जागा. फास्ट फूड म्हणजे गल्ल्यापाशी मागायचं, तिथेच घ्यायचं. इथे पोरगा बाकड्यावर आणून देतो खरं, पण अर्धी गिऱ्हाइकं एसटीच्या खिडकीतून हात काढतात. 'फास्ट फूड' ठेवलं. आलूबोंड्याला हा शब्द लावताना जीभ जरा अडखळली, एवढंच.

(दृश्य: पाटी. 'मेडिकल'. खाली बारीक अक्षरात 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट'.)

हॉटेलची चूक हसण्यावारी नेता येते, ही येत नाही. पाटीवर केमिस्ट लिहिलंय, म्हणून नवा मॅपर 'शॉप, केमिस्ट' लावून मोकळा होतो. पण नकाशाच्या शब्दकोशात केमिस्ट म्हणजे साबण, शाम्पू, टूथपेस्टचं दुकान. औषधाच्या दुकानाचा शब्द 'फार्मसी', आणि तो 'शॉप' या गटात नाहीच. तो 'अमेनिटी'त, म्हणजे सोयीसुविधांत, दवाखान्याच्या शेजारी. रात्री लेकराला ताप भरला आणि कुणी फोनवर औषधाचं दुकान शोधलं, तर केमिस्ट म्हणून नोंदवलेलं आमचं मेडिकल त्या यादीत येणारच नाही. दुकान असेल दोनशे पावलांवर.

पाटी कुणाच्या भाषेत लिहिलीय आणि टॅग कुणाच्या भाषेतला आहे, हे दर वेळी वेगळं पाहावं लागतं. शब्द तोच असला की जास्तच.

(दृश्य: कृषी केंद्र. भिंतीवर तीन परवाने, चौकटीत. समोर रचलेली पोती.)

जून लागला की गावात सगळ्यात जास्त गर्दी इथे. कपाशीच्या बियाण्याची ४७५ ग्रॅमची पाकिटं, यूरियाची ४५ किलोची बॅग, आणि मागच्या फळीवर फवारणीच्या बाटल्या. भिंतीवर परवानेही तीन वेगळे: बियाण्याचा, खताचा, कीटकनाशकाचा. तिन्ही वेगवेगळ्या नियमांखालचे.

पाटीवर 'कृषी केंद्र'. बाहेरचा माणूस हमखास फसतो. 'केंद्र' वाचलं की त्याला सरकारी कार्यालय वाटतं, आणि तो तसं लावतोही. हे शुद्ध खासगी दुकान आहे, उधारीची वही असलेलं. याला नेमका शब्द आहे, 'शॉप, ॲग्रेरियन', म्हणजे शेतीला लागणाऱ्या मालाचं दुकान. पुढे बियाणं, खत, औषध असा तपशीलही भरता येतो. दूरच्या लोकांनी ठरवलेला शब्द इतका फिट्ट बसावा, असं फार वेळा होत नाही. इथे बसला.

(दृश्य: संध्याकाळ. किराणा दुकान. दारावर चार पाट्या.)

ही मात्र डोकेदुखी. किराणा, मोबाइल रिचार्ज, झेरॉक्स, आणि दारात टांगलेली टिकल्यांची पानं. एका जागेला दोन प्रकार अर्धविराम घालून लिहिता येतात, पण बरेच नकाशे तो अर्धविराम वाचतच नाहीत. चिन्ह जातं, दुकान मुकं होतं.

म्हणून आम्ही तासभर समोरच्या ओट्यावर बसलो. एक पोरगी आली, दहा रुपयांचं तेल घेऊन गेली. एक आजोबा, चहापत्तीची पुडी. मग साखर, मग पुन्हा तेल. झेरॉक्सला एक जण आला तर लाइन गेलेली. निकाल तिथेच लागला: 'कन्व्हिनियन्स', म्हणजे रोजच्या गरजेचं छोटं दुकान. जो सौदा थांबला तर गावाची चूल अडते, तो मुख्य धरायचा. बाकीचं वर्णनाच्या रकान्यात.

शेजारचं 'जनरल स्टोर्स' पाहा. इंग्रजीतलं जनरल स्टोअर म्हणजे पिठापासून खिळ्यापर्यंत सगळं ठेवणारं. आपल्या जनरल स्टोर्समध्ये बांगड्या, टिकल्या, पावडर, वह्या, रुमाल. पीठ मागितलं तर बाई हसतील. त्यांचं चिन्ह अजून ठरलेलं नाही.

चक्कीला 'ग्राइंडिंग मिल', लोहाराला 'ब्लॅकस्मिथ'. हे दोघे दुकानात नाहीत, 'क्राफ्ट' या गटात. तिथे वाद नाही.

आणि कंट्रोल. रास्त भाव दुकान हा कागदावरचा शब्द, बोलण्यात कंट्रोलच. कार्डाशिवाय काही मिळत नाही, माल आला की उघडणार. किराणा म्हणून लावलं तर परगावचा माणूस बिस्किटं मागायला येईल. आम्ही 'शॉप, येस' एवढंच लिहिलं. दुकान आहे, प्रकार सांगता येत नाही, अशा वेळची ही पळवाट. वर्णनात मराठीत खरं काय ते. नवा शब्द हवा असेल तर कुणीही मांडू शकतो. निदान दोन आठवडे चर्चा, मग निदान दोन आठवडे मतदान. आमचा मसुदा लिहायचा पडलाय, कापूस घरात आल्यावर बघू.

(दृश्य: पानठेला. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू घोटणारी बोटं, अगदी जवळून.)

शेवटी ठेला. खर्रा घोटण्याचा हा खर्र-खर्र आवाज ज्याने ऐकला नाही, तो विदर्भात आलाच नाही. लावायचं काय? 'टोबॅको' लावावं, तर इथे शेंगदाणा चिक्की आणि शाम्पूच्या पुड्याही आहेत. 'किऑस्क' जवळचा. रस्त्याकडेची लहान टपरी; तंबाखू, गोळ्या, वर्तमानपत्र. वर्तमानपत्र इथेही आहे. विकायला नाही, वाचायला. एकच, आणि दुपारपर्यंत त्याची पानं चौघांत वाटली जातात. किऑस्क लावलं.

ठेलेवाल्या भाऊंनी मान वर न करता विचारलं,

"माह्या ठेल्याले काय लिवलं तुम्ही?"

"प्रकार लिहिला. नाव राहिलं. पाटी नाही ना तुमची."

"पाटी कायले पाह्यजे बाप्पा? सारे वडाखालचा ठेला म्हंतात."

"वड कुठी हाय पण?"

"तो तं रस्ता रुंद झाला तवाच कापला."

नावाच्या रकान्यात लोक म्हणतात तेच लिहायचं असतं. लिहिलं: वडाखालचा ठेला. मग नकाशा जरा मोठा करून पाहिला, तर ठिपक्याच्या डोक्यावर एक हिरवं झाड. कुणीतरी, केव्हातरी, इथल्याच माणसाने काढलेलं असणार.

(दृश्य: बोट स्क्रीनवर. झाडाचं चिन्ह निवडलं जातं.)

ते पुसलं. भाऊंनी खर्र्याची पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिली.