पैलवानाच्या हातातला दम दोरावर मोजायचा कसा?

राम राम मंडळी. तुम्ही पण बघितलं असेल बघा, पोरगं पहिल्या तीन मिनिटांत समोरच्याला नुसतं फरफटवतं आणि दुसऱ्या राउंडला त्याची पकडच सुटायला लागते, पाय चालतायत, छाती पण फार धापत नाही, पण हात भरून आलेत. आणि मग बाहेरून सल्ला येतो, याला अजून पळवा. अहो पळून पायाचा दम वाढेल, हातांचं काय?

गादीवरची कुस्ती म्हणजे 3-3 मिनिटांचे दोन राउंड, मधे 30 सेकंद. पट काढणं, ढाक मारणं, खालच्याला उचलणं, हे सगळे काही सेकंदांचे झटके. तेवढ्यात ऑक्सिजनची वाट बघायला स्नायूला वेळच नसतो, तो आतल्या साठ्यावर चालतो, क्रिएटिन फॉस्फेट आणि साखर. यातला क्रिएटिन फॉस्फेट पूर्ण जोर लावला की दहाएक सेकंदांत संपत येतो आणि निम्मा भरायलाच अर्धा मिनिट तरी जातं. यालाच अ‍ॅनेरोबिक म्हणतात.

लॅबमध्ये यासाठी विंगेट टेस्ट आहे, 1970 च्या दशकात इस्रायलमध्ये तयार झालेली, हातानं पॅडल 30 सेकंद जीव तोडून फिरवायचं. ते मशीन तालमीत कुठून येणार. पण दोर तर आपल्याकडं टांगलेलाच असतो ना!

दोराला दोन लाल चिंध्या बांधा, बरोबर 4 मीटर अंतरावर. खालच्या चिंधीला हात, पाय सरळ पुढं, आणि फक्त हातांवर वर जायचं, पायाची आढी घातली की तो प्रयत्न बाद. खाली गादी हवीच, आणि उतरताना घसरत यायचं नाही, तळहाताची सालटी निघतात आणि मग आठवडाभर पोरगं पकड धरत नाही. 30 सेकंद थांबून परत, असं तीनदा, मोबाईलवर वेळ घ्या.

आता हिशोब. समजा पैलवान 70 किलोचा, पहिल्यांदा 8 सेकंद लागले. वजन 70 गुणिले 9.8 (हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले 4 मीटर, भागिले 8 सेकंद, झाले 343 वॉट. तिसऱ्यांदा 11 सेकंद लागले तर 249. म्हणजे 27 टक्के ताकद तीन फेऱ्यांत गेली, आणि दुसऱ्या राउंडला पकड का सुटते ते इथंच दिसतं.

हजार जोर मारणाऱ्याला मी कमी लेखत नाही, त्या मेहनतीला माझा नमस्कारच आहे. पण ते चिवटपणाचं माप आहे, झटक्याचं नाही. ज्याला दोर जमतच नाही, लहान पोरं किंवा वजनदार गडी, त्याचे 30 सेकंदांतले डिप्स (हातांवर अंग खाली-वर करणं) मोजा, पण दर दहा सेकंदांचे वेगळे लिहा, 14, 12, 9 असे. एकूण 35 लिहून काही कळत नाही. आणि शेवटच्या दहात कोपर अर्धवट वाकायला लागतो, तिथं मोजणाऱ्यानं कडक राहायचं, दया दाखवली की आकडा खोटा.

टेस्ट सरावाच्या आधी घ्या, वॉर्मअप दरवेळी तोच, आणि वजन उतरवायच्या दिवसांत तर अजिबात नको, उपाशी पोराचा आकडा घेऊन करणार काय. एकाचा आकडा दुसऱ्याशी लावू नका, त्याचाच मागच्या महिन्याचा काढा. पहिली फेरीच हळू असेल तर ताकदीवर काम, पहिली जोरात आणि तिसरी ढेपाळलेली असेल तर त्याला दोरच द्या, छोट्या विश्रांतीचा, आठवड्यातून दोनदा.