प्लेट रिकामी, पाणी जिवंत

[दृश्य: पेट्री डिश, जवळून. आगारचा, म्हणजे जिवाणूंना अन्न पुरवणाऱ्या जेलीचा, पिवळसर थर, वर काहीच नाही.]

या प्लेटवर पाण्याचा नमुना पसरून ती ४८ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवली होती. एकही कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा पुंजका, उगवली नाही. अहवालात नोंद होईल: ग्रोथ नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके.]

आणि हा त्याच पाण्याचा दुसरा थेंब. यात दोन रंग मिसळले आहेत. लाल रंग फाटलेल्या पेशीत शिरतो, हिरवा शाबूत पेशीतही शिरतो. समोर दिसतंय ते जवळपास सगळं हिरवं आहे.

एकाच पाण्याबद्दल दोन उत्तरं. मग विश्वास कशावर ठेवायचा?

जिवाणू मोजायची आपली पद्धत जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत घडली. आगार वापरण्याची कल्पना फॅनी हेस यांची, झाकणाची उथळ डिश १८८७ मध्ये युलियस पेट्री यांनी आणली. एक जिवाणू दुभंगतो, दोनाचे चार होतात, आणि एक-दोन दिवसांत डोळ्यांना दिसेल एवढी कॉलनी तयार होते. कॉलन्या मोजल्या की मूळ जिवाणू मोजले गेले, असा हा हिशेब. तो एका अटीवर उभा आहे. त्या अन्नावर, त्या तापमानाला, तेवढ्या तासांत जिवाणूनं दुभंगायला हवं.

माती आणि समुद्रातले बहुसंख्य जिवाणू ही अट कधीच पाळत नाहीत, कारण त्यांना काय लागतं हेच आपल्याला माहीत नाही. तो वेगळा विषय आहे, आणि दोन्हींची नेहमी गल्लत होते. आज आपण बोलतोय ते ओळखीच्या जिवाणूंबद्दल. काही दिवसांपूर्वी याच आगारवर भरभरून वाढणारे, आणि आता जिवंत असूनही न वाढणारे.

[दृश्य: खाडीचं पाणी, मग प्रयोगशाळेतले काचेचे फ्लास्क.]

१९८२. अमेरिकेतलं मेरिलँड विद्यापीठ. ह्वाइ-शू शू, रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटकीचे जिवाणू आणि आतड्यात राहणारे ई. कोलाय जिवाणू अन्नाशिवाय खाऱ्या पाण्यात ठेवले. दिवस गेले तसे प्लेटवरचे आकडे कोसळत गेले. सूक्ष्मदर्शकाखालचे आकडे मात्र फारसे हलले नाहीत.

ती नुसती प्रेतं असतील, ही शंका साहजिक होती. तिचं उत्तर देणारी युक्ती जपानमधल्या कोगुरे आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्येच शोधली होती. नमुन्यात थोडा यीस्टचा अर्क घालायचा, म्हणजे अन्न मिळेल. सोबत नॅलिडिक्सिक ॲसिड घालायचं, म्हणजे पेशीला दुभंगता येणार नाही. मेलेली पेशी होती तशीच राहते. जिवंत पेशी खाते, वाढते, पण तुटू शकत नाही म्हणून लांबच लांब होत जाते. जिवंतपणा असा डोळ्यांना दिसावा, इतका सुंदर प्रयोग सूक्ष्मजीवशास्त्रात क्वचितच सापडतो. प्लेटनं मृत ठरवलेल्या पेशी इथे लांब होत होत्या.

जिवंत असूनही न वाढण्याच्या या सुप्तावस्थेत पेशी आक्रसते. लांबट किंवा वाकडा जिवाणू लहानसा, गोलसर होतो. श्वसन मंदावतं, आवरणातली मेदाम्लं बदलतात, पण काही जनुकांचं काम चालू असतं. हा बीजाणू नाही. बॅसिलस किंवा क्लॉस्ट्रिडियम हे जिवाणू संकटात जाड कवच बांधतात. इथे तसं कवच नसतं. थंडी, उपासमार, क्लोरीन, अतिनील किरण, तांबं यांपैकी काहीही कारण पुरतं. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा समुद्री जिवाणू ५ अंश सेल्सिअसला ठेवला की काही दिवसांत प्लेटवरून नाहीसा होतो आणि पाणी पुन्हा कोमट केलं की परत येतो.

खरंच परत येतो का? यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले, आणि ते भांडण रास्त होतं. दर वीस मिनिटांनी दुप्पट होणारी एक जरी धडधाकट पेशी मागे उरली, तरी सात तासांच्या आत तिची दहा लाख होतात. मग झोपलेले जागे झाले, की एकट्या वाचलेल्याची ही संतती, हे कसं ठरवायचं? त्यासाठी नमुना इतका पातळ करतात की त्यात तशी एकही पेशी उरण्याची शक्यता नगण्य व्हावी, आणि मग वाढ होते का ते पाहतात.

या वादातून एक गोष्ट निघाली आणि ती आपल्या पद्धतीलाच लागू होते. काही वेळा दोष प्लेटचा असतो. आगार आणि फॉस्फेट एकत्र तापवलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, हे २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. धडधाकट पेशी ते पचवते, थकलेली पेशी त्यानंच मरते. प्लेटमध्ये कॅटलेज किंवा पायरुव्हेट घातलं की पेरॉक्साइड नष्ट होतं आणि 'न वाढणाऱ्यां'तले काही वाढू लागतात.

काहींना मात्र जागं करायला दुसरा जीव लागतो. लिजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू अमिबाच्या पोटात शिरल्यावर पुन्हा वाढू लागतो, हे १९९७ मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी मायक्रोकॉकस ल्युटियस या जिवाणूत एक प्रथिन सापडलं. सुप्त पेशींना उठवायला त्याचा अत्यल्प अंश पुरतो. क्षयाच्या जिवाणूकडे अशा प्रथिनांची पाच जनुकं आहेत.

[दृश्य: तळं. मग कोपेपॉड, सूक्ष्मदर्शकाखाली.]

या सगळ्याचा माणसाशी थेट संबंध कुठे येतो, ते बांगलादेशात दिसलं. दोन साथींच्या मधल्या काळात पटकीचे जिवाणू जातात कुठे, हा जुना प्रश्न. तळ्या-नद्यांतल्या प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, नमुन्यांत कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, ते एक टक्क्याहूनही कमी वेळा मिळाले. नेमक्या त्याच जिवाणूला चिकटणाऱ्या, चमकणाऱ्या अँटिबॉडीनं पाहिलं, तेव्हा निम्म्याहून अधिक नमुन्यांत ते होते. जिवाणू कुठेच गेले नव्हते. कोपेपॉडसारख्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून ते पाण्यातच होते.

यावरचा उपाय फार साधा निघाला. जुन्या साडीच्या किमान चार घड्या केल्या की सुमारे २० मायक्रॉनची जाळी तयार होते. जिवाणू त्यातून सहज पार होतो, त्याला वाहणारा कोपेपॉड अडकतो. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागातल्या गावांत असं पाणी गाळून वापरल्यावर पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले. कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत मोठं काम, कारण इथे जिवाणूला जागं करून दाखवण्यासाठी कुणी थांबलं नाही. तो तिथे आहे, एवढं मान्य केलं आणि माणसं वाचली.

[दृश्य: जलशुद्धीकरण केंद्र, मग पीसीआर यंत्र.]

पिण्याचं पाणी तपासताना आजही मुख्य भिस्त कल्चरवरच आहे, आणि क्लोरीन तर सुप्तावस्थेत ढकलणाऱ्या कारणांपैकीच एक. म्हणून काही प्रयोगशाळा पीएमए नावाचा रंग वापरून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढून तो मोजणारी चाचणी, करतात. हा रंग फाटलेल्या पेशीत शिरून, प्रकाश पडताच डीएनएला कायमचा चिकटतो. मग पीसीआरमध्ये शाबूत पेशींचाच डीएनए मोजला जातो. अतिनील किरणांपुढे ही पद्धतही अडते. ते किरण डीएनए मोडतात, आवरण लगेच फाडत नाहीत. पेशी कायमची निकामी झालेली असली, तरी रंग बाहेरच राहतो आणि ती जिवंतांत धरली जाते. प्लेट कमी मोजते, रंग जास्त मोजतो. त्यामुळे अशा पाण्याचे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.