पेन्सिलीतलं इंग्लिश

(दृश्य: माळा, शिडी. खताचं जुनं पोतं खाली घेतलं जातं. आई पोत्याची सुतळी सोडते.)

निवेदन:
पोतं युरियाचं आहे, आत शाळेची पुस्तकं. निकाल लागला की पुस्तकं रद्दीवाल्याकडं जायची, हा गावचा रिवाज. या घरात गेली नाहीत. मुलगी आता पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, सायन्स घेतलंय. गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या अंगाला. भाताची खाचरं, काजू, आणि जून ते सप्टेंबर चार-चार दिवस उघडीप न देणारा पाऊस. पुस्तकांना बुरशी कशी लागली नाही, याचं आम्हालाच नवल वाटलं. आई म्हणते, चुलीच्या वरच्या माळ्यावर धूर लागतो, कीड धरत नाही.

(क्लोज-अप: पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक. पान हळूहळू उलटतं.)

हे पाचवीचं पुस्तक. छापलेल्या प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीची एक ओळ आहे, देवनागरीत. अख्खं पुस्तक असं. धडे, कविता, स्वाध्याय, एवढंच काय, पहिल्या पानावरची सरकारी सूचनासुद्धा. कॅमेरा आणखी जवळ नेला तर खोडरबरानं विरलेला कागद दिसतो. एका जागी ‘क्नाईफ’ खोडून ‘नाईफ’ केलंय, पुढच्या पानावर पुन्हा ‘क्नाईफ’.

याची एक पद्धत होती. बाई एकदा धडा वाचायच्या. दुसऱ्यांदा वाचताना थांबत थांबत, आणि पोरं वरती उच्चार लिहून घ्यायची. ज्याचा हात मागं पडला त्यानं शेजारच्याचं उतरवायचं. शेजारच्याचं चुकलेलं असलं तर त्या बाकाचं सगळ्यांचं चुकायचं. मग तिसऱ्या वाचनाला बाई एकेकाला उभं करायच्या, आणि कुठला बाक कुणाचं बघून लिहितो ते त्यांना बसल्या जागी कळायचं.

(बाईट: मुलगी, पुस्तक हातात धरून)
“मला वाचाय येतंय म्हणून सगळी म्हणायची. खरं मी इंग्लिश वाचतच नव्हतो. मी मराठीच वाचत होतो की वो.”

निवेदन:
तपासणीला आलेल्या साहेबांना हे आवडत नसे. पुस्तकं खराब करतात, मुलांना सवय लागते, असा शेरा. आम्हाला विचाराल तर, ज्या पोरीच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता, तिनं स्वतःच्या लिपीची शिडी लावून त्या भाषेत पाय ठेवला. शिडी वाईट असती तर ती अजून शिडीवरच असती.

(दृश्य: शाळेचा फलक, वर कन्नड, खाली मराठी. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग. पोरं टाळ्या वाजवत इंग्रजी गाणं म्हणतात.)

निवेदन:
सरकारी उच्च प्राथमिक मराठी शाळा, पहिली ते सातवी. तिच्या वडिलांच्या वेळी इथं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. २००७-०८ पासून कर्नाटकानं सरकारी शाळांत ते पहिलीपासून आणलं. ती पहिलीत बसली २०१४ साली. शाळा उघडायच्या आधीच, ६ मे २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला होता. पहिली ते चौथीचं शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच, हे राज्याचं १९९४ पासूनचं धोरण न्यायालयानं रद्द केलं. माध्यम कुठलं, हे पालक ठरवणार. निकाल कायद्याच्या पुस्तकात बरोबरच असेल. इथं गावात त्याचा अर्थ झाला इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन.

(दृश्य: सकाळी साडेसात. व्हॅन गावच्या कमानीतून आत येते. टाय लावलेली लहान मुलं चढतात. मागं मराठी शाळेचं कुंपण.)

(जुनी छायाचित्रं: बेळगावचा कॅम्प, चर्च, मिशन शाळा. १९५६ चा नकाशा.)

निवेदन:
इंग्रजी या भागाला नवी नाही. १८१८ ला पेशवाई संपली आणि बेळगाव इंग्रजांकडं गेलं. कॅम्प वसला, पाठोपाठ मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि मुंबई राज्यातला हा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ ला नेमला गेला, अहवाल १९६७ ला आला, वाद मिटला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हा इतिहास गावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे, त्यावर आम्ही वेगळा माहितीपट करू. इथं एवढंच बघायचं, की या ओढाताणीत इंग्रजीला एक निराळीच जागा मिळाली.

(दृश्य: खानापूर, तालुका कचेरीबाहेरचा पार. वडील मांडीवर फाईल ठेवून अर्ज भरतात. बोटाएवढी मोठी इंग्रजी अक्षरं.)

निवेदन:
शेताचा उतारा निघतो कन्नडमध्ये. अर्जाचा नमुना कन्नडमध्ये. मराठीत लिहून दिलेला कागद खिडकीतून परत आल्याचं तालुक्यात ज्याला त्याला ठाऊक आहे.

(बाईट: वडील)
“कन्नड बोलाय येतंय, बाजारात काय अडत नाही. लिहाय येत नाही. मराठी घेत नाहीत. मग इंग्लिशमध्ये नाव, गाव लिवून देतो. इंग्लिशला कोण काय म्हणत नाही बघा.”

निवेदन:
इंग्लिशला कोण काय म्हणत नाही. लेकीनं इंग्रजी शिकावं असं या माणसाला का वाटलं, ते कचेरीच्या पारावर बसलं की समजतं. अमेरिका, बंगळूर वगैरे नंतर.

(दृश्य: सातवीचं पुस्तक. पानं कोरी, नवीकोरी.)

निवेदन:
सातवीच्या पुस्तकात पेन्सिल नाही. साल २०२०-२१. शाळा बंद. ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ आलं, म्हणजे शिक्षकांनीच गल्लीत, देवळात, झाडाखाली जाऊन शिकवायचं. ऑक्टोबरात तेही थांबलं. कुणाच्या तरी मोबाईलमधला हा फोटो बघा. रवळनाथाच्या देवळाचा मंडप, तोंडाला रुमाल बांधलेली पोरं, खांबाला टेकवलेला फळा. बाईंनी त्या मंडपात इंग्रजी शिकवलं का? बाई म्हणतात, आधी गणित.

(दृश्य: एसटी स्टॅंड. वायव्य कर्नाटक परिवहनची लाल बस, पाटी कन्नडमध्ये. मुली चढतात.)

निवेदन:
आठवीला हायस्कूल. दोन डोंगर पलीकडच्या मोठ्या गावात, अनुदानित, मराठी माध्यम. इथं मात्र थांबायला हवं. आमच्या कॅमेऱ्याला सगळ्यात चांगलं काही मिळालं असेल तर ते या वर्गात.

(दृश्य: आठवीचा वर्ग. पावसाचा आवाज पत्र्यावर. टेबलावर कोयता, घमेलं, पायली, इरलं.)

निवेदन:
इंग्रजीचे सर आदल्या दिवशी सांगून ठेवतात, उद्या घरातली एक वस्तू आणायची. पुस्तक दप्तरातच. आधी वस्तूबद्दल मराठीत सांगायचं, मनसोक्त. या मुलानं इरलं आणलंय. बांबूच्या कामट्या कुठून आणल्या, पानं कुठली घातली, आज्जी ते डोक्यावर घेऊन लावणीला कशी वाकते, सगळं सांगून झालं. वर्ग हसून घेतो. मग सर म्हणतात, “हं, आता हेच इंग्लिशमध्ये, तीन वाक्यं.”

(दृश्य: मुलगा इरलं डोक्यावर घेतो, बोलायला लागतो, अडकतो. मागच्या बाकावरून दोघी शब्द पुरवतात. कट करू नये, पूर्ण चालू द्यावं.)

निवेदन:
पहिलं वाक्य येतं. दुसऱ्याला क्रियापद अडतं. सर सांगत नाहीत, वाट बघतात. मागून एक शब्द येतो, तो चुकीचा, मग दुसरा येतो. फळ्यावर सर वाक्य लिहितात ते पोरांनी जसं म्हटलं तसं, चुकीसकट. दुरुस्ती तासाच्या शेवटी, तीही पोरांकडून. असं एका वस्तूला अर्धा तास जातो. अभ्यासक्रम पुरा कसा होतो, असं आम्ही सरांना विचारलं. ते म्हणाले, “होत नाही. मार्चमध्ये पळवतो.”

सर दर वर्षी पोरांना एक गोष्ट सांगतात. बेळगावात शिकलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि कथा लिहिल्या त्या मराठीत. पोरांना नाव नवीन असतं. सरांना ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि आम्हालाही इथं ते घातल्याशिवाय राहवलं नाही.

(क्लोज-अप: आठवीचं पुस्तक. पेन्सिल फक्त लांब शब्दांवर.)

निवेदन:
तिचं आठवीचं पुस्तक हे असं. ओळी मोकळ्या, पेन्सिल फक्त लांबलचक शब्दांच्या डोक्यावर. समासात मात्र लिखाण वाढलंय. ‘हा खोटं बोलतोय’, ‘सरांना विचार’, ‘आमच्याकडं असंच’. पोरगी धड्याशी भांडू लागली होती. त्या वर्षी तिनं स्नेहसंमेलनात इंग्रजीतून भाषण केलं म्हणतात. त्याचं चित्रण कुणाकडं नाही. पुढं जाऊ.

(दृश्य: झेरॉक्सचा गठ्ठा, कोपऱ्यात पिन. वरती मोठ्या अक्षरात ‘पासिंग पॅकेज’.)

निवेदन:
दहावीचं पुस्तक पोत्यात सापडलं, पण ते उघडलेलंच वाटत नाही. वापरलं ते हे. पासिंग पॅकेज. एसएसएलसीत, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत, इंग्रजीला पस्तीस गुण कसे काढायचे याचा आराखडा. पत्राचा नमुना पाठ. ‘प्रोफाईल’ म्हणजे दिलेल्या मुद्द्यांतून एका माणसाबद्दल परिच्छेद, त्याचा साचा पाठ. कवितेच्या चार ओळी पाठ, स्वल्पविरामासकट. चित्र बघून पाच वाक्यं लिहायची, तीही पाठ, चित्र कुठलंही येवो. बाग आली तरी ‘इन धिस पिक्चर आय सी’ आणि बाजार आला तरी ‘इन धिस पिक्चर आय सी’.

हे शिक्षकांचं पाप नव्हे. निकालाची टक्केवारी वर विचारली जाते. मराठी शाळांत कायम शिक्षकांच्या जागा रिकाम्या पडतात, त्या अतिथी शिक्षकांवर भागवल्या जातात, आणि त्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण इथं असू का हेच माहीत नसतं. २०१९ ला राज्यानं एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले. त्याला पैसा मिळाला. असलेल्या मराठी शाळेत इंग्रजीचा एक कायमचा मास्तर द्यायला किती लागला असता?

(बाईट: मुलगी, हायस्कूलच्या पायरीवर)
“आठवीत बोलत होतो. चुकायचं, खरं बोलत होतो. दहावीत सगळं बरोबर लिहाय लागलो आणि तोंड बंद झालं. मला तेव्हा इंग्लिशचा रागच आलेला. गणितापेक्षा जास्त.”

निवेदन:
परीक्षा २०२४ च्या मार्च-एप्रिलची. केंद्रांवर कॅमेरे, वेबकास्टिंग, त्याच वर्षापासून. राज्याचा निकाल घसरला. ती पास झाली, चांगल्या गुणांनी.

(दृश्य: बस. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. खिडकीतून मलप्रभेचा पूल.)

निवेदन:
पीयूसीला रोज बसनं. शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, बाईमाणसाला तिकीट पडत नाही. ती नसती तर इथल्या किती मुलींची शाळा दहावीवर थांबली असती, त्याचा हिशेब घराघरांत मांडता येईल. कॉलेजात फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, सगळं इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन महिने फळा दिसतो, कळत नाही. ती मागच्या बाकावर बसली.

(दृश्य: कॉलेजचं आवार. दोन मुली एकाच डब्यातून खातात. बोलणं ऐकू येतं, निम्मं इंग्रजी, निम्मं हातवारे.)

निवेदन:
शेजारी बसली ती बैलहोंगलकडची, कन्नड माध्यमातून आलेली. हिला कन्नड बाजारापुरतं, तिला मराठी शून्य. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं. शहरातल्या इंग्रजी शाळांतून आलेल्यांसमोर दोघी गप्प बसायच्या, एकमेकींशी मात्र सुटायच्या. भांडणंसुद्धा इंग्रजीत. एक दिवस डब्यातल्या भाकरीवरून झालं, ज्वारीची चांगली की तांदळाची.

(बाईट: मुलगी)
“तिच्याबरोबर बोलताना काळ वगैरे काय बघत नाही मी. ती पण नाही. आता वर्गात उभं राहून प्रश्न विचारतो. सर हसले तर हसू दे.”

(दृश्य: मे अखेर. गावातली गल्ली. मराठी शाळेच्या बाई, शाळा सुधारणा कमिटीचे दोघे, आणि ती.)

निवेदन:
दाखल्याचे दिवस. शिक्षक घरोघरी फिरतात, पहिलीला पोर द्या म्हणून सांगतात. या वर्षी बाईंनी तिला बरोबर घेतलं. ती कशाला हवी, ते उघड आहे. प्रत्येक उंबऱ्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, मराठी शाळेत इंग्लिश येतंय काय?

(दृश्य: एका घराचं अंगण. आज्जी सुपात तांदूळ निवडते. सून कडेवर पोर घेऊन उभी. मुलगी बोलते, मध्येच दोन-चार वाक्यं इंग्रजीत. पूर्ण ऐकवावं.)

निवेदन:
तिनं सांगितलं. पाचवीचं सांगितलं, आठवीचं सांगितलं, पॅकेजचंही लपवलं नाही. सुनेनं सगळं ऐकून घेतलं. पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

(बाईट: सून)
“ते सगळं खरं आहे गं. शाळा चांगली आहे. खरं आम्ही दोघं सकाळी कामाला जातोय, आज्जीला दिसत नाही. बाई, तुमच्या शाळेला व्हॅन येतंय काय?”

(बाई कमिटीच्या लोकांकडं बघतात. कमिटीतला एकजण फोन काढतो. शॉट इथंच तोडावा.)