घोरण्याचा आवाज थांबला, पण श्वासाचं काय?

नमस्कार मंडळी. घोरणाऱ्या माणसाला आपल्याकडे गाढ झोपलेला समजतात. ‘काय ढाराढूर झोपलाय’ असं कौतुकानंही म्हणतात. पण त्याच्या शेजारी जागं राहणाऱ्या माणसाला विचारा. आवाज चढत जातो, मध्येच तुटतो, थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन घोरणं पुन्हा सुरू होतं. मी दातांचा डॉक्टर आहे. ‘घोरण्यावर तोंडात घालायचं ते माउथपीस द्या’ म्हणून माझ्याकडे कुणी आलं, की मी दातांच्या आधी या मधल्या थांबण्याबद्दल विचारतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. किलकिल्या खिडकीतून जोराचा वारा शिरला की पडदा फडफडतो, तशी मऊ टाळू आणि पडजीभ थरथरते. हेच घोरणं. पण वाट अरुंद होता होता बंदच झाली तर? छाती हलते, पोट हलतं, हवा मात्र आत जात नाही. असा अडथळा दहा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकला, तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, घसा मोकळा होतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. सकाळी त्या माणसाला यातलं काही आठवत नाही. डोकं जड असतं, दुपारी डुलक्या येतात आणि रक्तदाब गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नाही.

हे फक्त परदेशातलं दुखणं नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडण्याचा दोष साधारण पाचातल्या एकाला आढळला आणि दिवसा झोप येण्यासारख्या त्रासासह पूर्ण आजार साडेसात टक्के पुरुषांना. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. तेव्हा अनेक घरांत पहिल्यांदाच हा शब्द ऐकला गेला.

श्वासाच्या या अडथळ्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सीपॅप. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलं. आजार तीव्र असेल तर आजही पहिली निवड तीच, आणि त्यासाठी मी कुणालाही माउथपीसकडे वळवत नाही. पण मास्क सहन न होणारे, काही दिवसांत यंत्र कपाटात ठेवून देणारे लोक खूप आहेत. त्यांच्यासाठी, आणि आजार नसून नुसतं घोरणाऱ्यांसाठी, माउथपीस खरंच उपयोगी आहे.

त्याचं तत्त्व सरळ आहे. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो. खालचा जबडा पुढे आणला की जीभही पुढे येते आणि मागची वाट रुंदावते. भूल देणारे डॉक्टर बेशुद्ध रुग्णाचा जबडा पुढे उचलतात, तोही यासाठीच. माउथपीसमध्ये वरच्या दातांवर एक साचा बसतो, खालच्या दातांवर दुसरा, आणि दोन्ही जोडून खालचा जबडा रात्रभर थोडा पुढे धरला जातो. दातांचं माप घेऊन बनवलेल्या साच्यात ही जागा हळूहळू वाढवता येते. आपला जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करून गरजेप्रमाणे थोडं थोडं पुढे न्यायचं. घाई केली तर जबडा दुखतो आणि माणूस ते वापरणंच सोडतो.

आता ज्यासाठी आज आलो, ते सांगतो. माउथपीस लावल्यावर आवाज कमी झाला की घरचे खूश होतात, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण आवाज कमी होणं आणि श्वास न अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोरणं मंद होऊनही आतले अडथळे चालू राहू शकतात. मग आपण आजार बरा केलेला नसतो, त्याची खूण सांगणारा आवाज तेवढा बंद केलेला असतो. म्हणून आधी स्लीप स्टडी करायची. तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो, ते त्यात कळतं. पाचच्या खाली असेल तर ठीक, तीसच्या वर तीव्र. माउथपीस नीट बसल्यावर ते तोंडात ठेवून हीच तपासणी पुन्हा करायची. ही दुसरी तपासणी लोक टाळतात, खर्चामुळे टाळतात, हे मला माहीत आहे. तरी मी आग्रह सोडत नाही. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

सीपॅपशी तुलना केली तर श्वासाचे अडथळे कमी करण्यात यंत्र सरस ठरतं. पण सिडनीतच झालेल्या २०१३ च्या अभ्यासात महिनाभरानंतर दिवसा येणारी झोप आणि रक्तदाब यांत दोन्ही उपाय जवळपास सारखे निघाले, बहुधा लोकांनी माउथपीस रात्री जास्त तास घातलं म्हणून. तोंडात राहतं ते औषध, असं मी त्यामुळेच मानतो.

ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं माउथपीस चालेल का? आपल्याला हे सोसतंय का, एवढं पाहायला काही दिवस चालेल. वर्षानुवर्षं नको, कारण त्याची पकड सैल असते आणि दातांवरचा दाब सारखा पडत नाही. दात खाण्यावर मिळणारा नाइट गार्ड तर वेगळाच, तो जबडा पुढे आणत नाही. हिरड्या सुजलेल्या असतील, दात हलत असतील किंवा कानापुढचा जबड्याचा सांधा दुखत असेल, तर आधी त्यावर इलाज. आणि लहान मूल रोज घोरत असेल तर माउथपीस नव्हे, कान-नाक-घशाचे डॉक्टर. बहुधा टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड वाढलेले असतात.

सुरुवातीला लाळ जास्त सुटते, सकाळी दात जुळत नाहीत. थोड्या वेळानं जुळतात. पण वर्षांनुवर्षांच्या वापरानं दात किंचित सरकू शकतात, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. त्यासाठी सकाळी जबड्याचे साधे व्यायाम आणि ठरावीक काळानं दाखवायला येणं, दोन्ही लागतं.

एका काकूंनी चिठ्ठी दिली आहे: ‘यांना पूर्ण कवळी आहे, मग काय?’ काकू, जबडा पुढे धरायला दातांचा आधार लागतो, म्हणून हा साचा त्यांना बसणार नाही. जिभेचं टोक हलक्या पोकळीत ओढून धरणारं दुसरं साधन असतं, ते दात नसतानाही वापरता येतं, पण सवय व्हायला वेळ लागतो. तुम्ही आधी त्यांची स्लीप स्टडी करून घ्या. आकडा मोठा आला तर सीपॅपच. आणि डॉक्टरांकडे तुम्हीही सोबत जा, कारण रात्री काय होतं ते त्यांना नाही, तुम्हाला माहीत आहे.