प्रोव्हँ: बाजार उठला, गाव राहिले

श्रोतेहो, नमस्कार.

युरोपच्या सहलीचा बेत आखताना आपल्याकडे पॅरिससाठी बहुधा दोन-तीन दिवस राखले जातात, आणि आयफेल मनोरा, लूव्रचे संग्रहालय व सीन नदीतला नौकाविहार यांनी ते निघण्यापूर्वीच भरून गेलेले असतात. त्यांना आणखी एक दिवस जोडावा आणि तो पॅरिसच्या आग्नेयेस ८०-९० किलोमीटरवर असलेल्या प्रोव्हँ या लहानशा गावाला पूर्ण द्यावा, असे मी आज सुचवणार आहे. तटबंदी, वेशी, दगडी तळघरे, लाकडी चौकटीची घरे असे तेराव्या शतकातील एका व्यापारी पेठेचे अंग येथे आजही शाबूत आहे, आणि युनेस्कोने २००१ साली मध्ययुगीन जत्रांचे नगर म्हणूनच त्याची जागतिक वारशात नोंद केली.

नावाविषयी आधीच एक इशारा देतो. प्रोव्हँ वेगळे आणि दक्षिण फ्रान्समधला लॅव्हेंडरच्या शेतांसाठी प्रसिद्ध असलेला प्रोव्हान्स प्रांत वेगळा. रोमन लिपीत ही दोन नावे घाईने वाचणाऱ्याला सारखीच वाटतात. त्यामुळे मुक्काम किंवा तिकीट घेताना गावाच्या नावाबरोबर सेन-ए-मार्न हा जिल्हाही तपासून घ्यावा.

आता हे गाव होते तरी काय, ते थोडे समजून घेऊ. कारण ते न समजता गेल्यास तट आणि बुरूज पाहून हा एखादा किल्ला असावा असा ग्रह होतो, आणि किल्ले पाहण्यात मुरलेल्या मराठी माणसाचा तो जरा लवकरच होतो. प्रोव्हँ मुळात बाजाराचे ठिकाण होते. बाराव्या आणि तेराव्या शतकांत शाँपेन प्रांताच्या काउंटांच्या, म्हणजे तिथल्या सत्ताधारी सरदारांच्या, मुलखात वर्षाला सहा मोठ्या जत्रा भरत. लान्यी आणि बार-सुर-ओब येथे एकेक, तर त्रुआ आणि प्रोव्हँ येथे दोन-दोन, अशी त्यांची वाटणी होती. एक जत्रा उठली की व्यापाऱ्यांचे तांडे पुढच्या गावाकडे वळत. उत्तरेकडून फ्लँडर्सचे, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूचे, विणकर लोकरी कापड आणत, दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून इटलीचे व्यापारी रेशीम, रंगद्रव्ये आणि मिरी-मसाले आणत. मालाच्या खरेदी-विक्रीइतकेच महत्त्व हिशेब मिटवण्याला होते. जत्रेचे शेवटचे दिवस त्यासाठीच राखलेले असत, आणि आपल्या हुंडीशी नाते सांगतील असे कागद येथे एकमेकांच्या नावे फिरत. प्रोव्हँची चांदीची नाणी इतकी विश्वासाची ठरली होती, की खुद्द रोममध्ये त्यांच्या धर्तीवर नाणी पाडली गेली.

हा विश्वास उत्पन्न झाला तो काउंटांच्या संरक्षणामुळे. व्यापारी जत्रेत असताना त्याचे रक्षण करणे पुष्कळ सरदारांना जमे. पण तो जत्रेकडे येत असताना, दुसऱ्याच्या हद्दीत लुटला गेला तरी त्याची भरपाई मागायची, हे शाँपेनच्या काउंटांचे वैशिष्ट्य होते. ११४८ साली वेझले येथील सराफ प्रोव्हँच्या जत्रेला येताना वाटेत लुबाडले गेले, तेव्हा काउंट तिबोने राजाच्या गैरहजेरीत राज्यकारभार पाहणाऱ्या सुझे या मठाधिपतीला पत्र लिहून त्या नुकसानीची भरपाई मागितली. प्रोव्हँ पाहताना तटापेक्षा हे पत्र मनात असू द्यावे, असे मला वाटते. गावाची खरी तटबंदी तीच होती.

मग ही पेठ उठली कशी? १२७० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील जिनोव्हा बंदराची जहाजे जिब्राल्टरला वळसा घालून थेट फ्लँडर्सपर्यंत जाऊ लागली आणि खुष्कीच्या वाटेची गरज उणावली. त्याच सुमारास प्रोव्हँमधील कापड कामगारांनी कामाचे तास वाढवल्याच्या रागातून उठाव केला, नगराध्यक्षाला ठार मारले, आणि त्याची कठोर शिक्षा गावाला भोगावी लागली. १२८४ मध्ये शाँपेनची वारस जान हिचा विवाह फ्रान्सच्या युवराजाशी झाला आणि पुढे हा मुलूख राजघराण्याकडे गेला. नंतर शंभर वर्षांचे युद्ध आले, प्लेगची साथ आली. गाव पुन्हा कधी मोठे झालेच नाही. ज्या शहरांचा व्यापार वाढला त्यांनी एकोणिसाव्या शतकापर्यंत आपापले तट पाडून त्यांवर रस्ते काढले. प्रोव्हँला तशी निकड भासली नाही. जे पाहायला आपण जातो ते त्या गावाच्या गरिबीने जपून ठेवलेले आहे.

आता प्रत्यक्ष भेटीकडे येऊ. गावाचे दोन भाग आहेत. रेल्वे स्थानक सखल भागात, व्हूलझी आणि द्युर्तँ या दोन लहान नद्यांच्या काठी आहे, तर जुनी वरची पेठ टेकडीच्या माथ्यावर आहे. बहुतेक प्रवासी उतरताच चढ चढू लागतात. माझा सल्ला असा, की अर्धा तास खालच्या गावाला द्यावा आणि सँत-आयुल या चर्चचे प्रवेशद्वार पाहून मगच वर जावे, कारण सप्टेंबरची जत्रा याच संताच्या नावाने भरत असे. त्या दाराच्या बाराव्या शतकातील मूर्तींची मोडतोड झाली आहे आणि हरवलेल्या आकृतींच्या जागी विसाव्या शतकातील शिल्पकार जॉर्ज जाँक्लो याने केलेल्या ब्राँझच्या मूर्ती बसवलेल्या आहेत. काहींना ही ठिगळे खटकतात. जुन्याची नक्कल करून फसवण्यापेक्षा नवे ते नवे दिसू देणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

चढ वीस-पंचवीस मिनिटांचा आहे आणि वरच्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे. तेव्हा गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी पायांत चांगले बूट घालावेत, आणि नवी साडी-चप्पल नेसून छायाचित्रे काढण्याचा बेत असेल तर तो पॅरिसमध्येच उरकावा. वर पोहोचल्यावर पहिला दिसतो तो तूर सेझार, म्हणजे सीझरचा बुरूज. ज्युलियस सीझरशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो बाराव्या शतकातला आहे. चौकोनी बैठकीवर अष्टकोनी उभारणी, आतला अरुंद जिना, आणि माथ्यावरून दिसणारे ब्री प्रदेशाचे सपाट शेत-शिवार, यांसाठी तिथे जरूर चढावे. शेजारीच सँ-किरियास हे चर्च आहे. ते ज्या प्रमाणात आखले गेले त्या प्रमाणात पुरे झालेच नाही, आणि त्याच्यावरचा घुमट तर सतराव्या शतकातला आहे. जोन ऑफ आर्क हिने सातव्या शार्ल राजासह १४२९ च्या ऑगस्टमध्ये येथे प्रार्थनेला हजेरी लावली होती.

तरीही एका दिवसात एकच गोष्ट नीट पाहायची असेल, तर मी जमिनीखालच्या जागा निवडीन. व्यापाऱ्यांच्या घरांखाली कमानी छताची दगडी तळघरे आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उघडतात, कारण तेथे माल ठेवला जाई आणि गिऱ्हाईकही उतरत असे. ग्रांज ओ दीम ही तेराव्या शतकातील इमारत पुढे चर्चला द्यायच्या दशांश धान्याचे कोठार म्हणून ओळखली गेली, पण जत्रांच्या काळात ती तुलूझच्या व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतलेली वखार होती. आत आता जत्रेतल्या निरनिराळ्या व्यावसायिकांचे पुतळे मांडले आहेत. याखेरीज जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतून भुयारांत प्रवेश मिळतो. ही भुयारे कशासाठी खणली यावर मतभेद आहेत. लोकरीतला तेलकटपणा काढण्यासाठी लागणारी माती तेथून उपसली गेली, हे मत मला पटण्यासारखे वाटते. भुयारे मार्गदर्शकासोबतच पाहता येतात आणि त्यांच्या फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. म्हणून वर पोहोचताच पर्यटन कार्यालयात आधी ती वेळ पक्की करावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवावा. आत उन्हाळ्यातही गारवा असतो. एक शाल जवळ ठेवावी. मुख्य वास्तूंसाठी एकत्रित प्रवेशपत्रही मिळते.

कोणत्या महिन्यात जावे, हा प्रश्न गुलाबावर सोडवावा. औषधी गुलाब म्हणून ओळखला जाणारा लाल गॅलिका गुलाब काउंट चौथ्या तिबोने धर्मयुद्धावरून परतताना येथे आणला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. हा गुलाब वर्षातून एकदाच फुलतो, मेअखेर ते जून. दुकानांत त्याच्या पाकळ्यांचा मुरंबा मिळतो, आणि तो चाखल्यावर कोणालाही गुलकंदच आठवेल, फक्त हा पातळ असतो आणि पावाला लावून खातात. जूनमधल्या एका शनिवार-रविवारी मध्ययुगीन उत्सव भरतो. पोशाख, ढोल, ढाली-तलवारी सारे असते, आणि गर्दीही तशीच असते. मुले बरोबर असतील तर तो किंवा वसंत ते शरद ऋतूपर्यंत चालणारे शिकारी पक्ष्यांचे आणि घोडेस्वार वीरांचे खेळ त्यांना आवडतील. हे खेळ रोज नसतात, म्हणून दिवस पाहून जावे. ज्यांना गावच पाहायचे आहे त्यांनी सप्टेंबरमधला एखादा साधा वार निवडावा. हिवाळ्यात काही वास्तू बंद असतात किंवा लवकर मिटतात.

जाणे सोपे आहे. पॅरिसच्या गार द लेस्त या स्थानकातून पी मार्गाची उपनगरी गाडी सुटते आणि सुमारे दीड तासात प्रोव्हँला पोहोचते. तेच तिचे अखेरचे स्थानक आहे. जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरातील रेल्वेचा एकेरी प्रवास अंतर कितीही असले तरी अडीच युरोंच्या आसपास आला आहे, त्यामुळे भाडे हा अडसर राहिलेला नाही. आठवड्याचा नाविगो पास काढलेला असेल तर तोही येथपर्यंत चालतो. मात्र तो सोमवार ते रविवार असाच मोजला जातो, आपण कोणत्याही वारी काढला तरी. शनिवार-रविवारी रुळांच्या कामामुळे कधी कधी गाड्या रद्द होतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहावे, आणि परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात.

जेवणाविषयी एवढेच, की लहान फ्रेंच गावांत दुपारचे जेवण बारा ते दोनच्या दरम्यान मिळते आणि नंतर स्वयंपाकघर बंद होते. शाकाहारी मंडळींनी बेकरीतून पाव, फळे घेऊन तटाच्या हिरवळीवर बसणे अधिक सोयीचे. येथील ब्री चीज उत्तम, पण परंपरेने त्याचे दूध वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने गोठवले जाते; आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस मिळणाऱ्या निफ्लेत या स्थानिक पेस्ट्रीत अंडे असते. पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावे.

दिवसाचा शेवट तटावर करावा. सुमारे १२०० मीटर तट उभा आहे, त्याचे बुरूज कुठे अर्धवर्तुळाकार, कुठे चौकोनी, कुठे चोचीसारखे टोकदार आहेत. सँ-झाँ वेशीतून बाहेर पडून मागे वळून पाहावे. भिंतीला लागून उपनगर नाही, दुकानांची रांग नाही. भिंत संपते आणि शेत सुरू होते. पॅरिसकडून लादलेली गाढवे आणि गाड्या याच दारातून आत येत, जकात भरत आणि तळघर शोधत. स्थानकापर्यंत उताराने वीस मिनिटे लागतात; गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधी निघालात तर घाई होणार नाही.